तापीचं सपाट, कन्नडचा घाट आणि सायकलचे गिअर

धुळ्याहून फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला पोचायला नव्वदेक किलोमीटर पडतात आणि त्या सगळ्या वाटेवर गिअरवाचून अडावं असा चढ नाही. उड्डाणपूल येतात, नदीच्या पात्राकडे उतरून पुन्हा वर यावं लागतं, एवढंच. पुढे ४४ दात्यांचं चक्र आणि मागे १८ दात्यांची फ्रीव्हील असलेली साधी काळी सायकल हा रस्ता दिवसाउजेडी आरामात काढते. तापीच्या उत्तरेला शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा केळीच्या पट्ट्यातला रस्ता धरला तरी तेच. गिअरचा प्रश्न सुरू होतो तो खानदेशाच्या कडांवर. चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की औट्रम घाट, ज्याला आपण कन्नडचा घाट म्हणतो. फर्दापूरहून वर अजिंठा गावाकडे जाणारा घाट. साक्रीहून नवापूरच्या वाटेवर कोंडाईबारी. शिरपूरहून पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे चढणारा बिजासनचा घाट. आणि शहाद्याहून तोरणमाळला, म्हणजे अकराशे मीटरच्या वर, नेणारा सातपायरीचा घाट. तोरणमाळ १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलं, पण धुळ्याच्या सायकलवाल्यांनी ते अजून आपलंच मानलेलं आहे.

पथारी, तंबू, स्टोव्ह, पाणी असा पंधरा किलोंचा संसार सायकलवर लादून यांपैकी कुठल्याही घाटाला भिडायचं, तर गिअर किती हवेत आणि ते कुठे असावेत? मागच्या हबच्या पोटात, की बाहेर चेनवर? सायकलप्रवास करणाऱ्यांत हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. खानदेशापुरता त्याचा निवाडा युरोपातल्या निवाड्यापेक्षा वेगळा निघतो असं माझं मत आहे. त्याची कारणं रस्त्यात, मातीत आणि बाजारात आहेत.

आधी यंत्रं समजून घेऊ. चेनवरचा गिअर म्हणजे डिरेलर, त्याची रचना उघडी असते. मागच्या चाकावर लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड, पुढे दोन किंवा तीन चक्रं, आणि चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलून उरलेली ढिली चेन दोन छोट्या पुलींवर ताणून धरणारा हात. त्याला दुकानात सरळ ‘आरडी’ म्हणतात. जे काही घडतं ते डोळ्यांसमोर घडतं. हबच्या गिअरमध्ये चेन जागची हलत नाही. तीन गिअरच्या जुन्या इंग्रजी हबमध्ये मधोमध ॲक्सलला घट्ट बसलेलं २० दात्यांचं चक्र असतं, त्याच्याभोवती फिरणारी २० दात्यांची लहान चक्रं असतात, आणि या सगळ्यांना बाहेरून वेढणारं, आतल्या अंगाला ६० दाते असलेलं कडं असतं. चेनचा जोर कड्याला देऊन चाकाची गती लहान चक्रांच्या पिंजऱ्याकडून घेतली, तर चाक पाऊणपट फिरतं. उलट जोर पिंजऱ्याला दिला आणि गती कड्याकडून घेतली, तर चाक एक पूर्णांक एक तृतीयांश पट फिरतं. चाक सरळ जोडलं तर जेवढ्यास तेवढं. घाट, सपाटी, उतार अशा तीन अवस्थांसाठी तीन गिअर, सगळे मुठीएवढ्या डब्यात आणि तेलात. आठ, अकरा, चौदा गिअरचे हबही याच तत्त्वावर चालतात. चक्रांचे असे एकाहून अधिक संच एकापुढे एक बसवलेले असतात.

दोन्ही कल्पनांचा जन्म जवळपास एकाच काळातला. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे फ्रँक बोडेन यांनी १९०२ च्या सुमारास तीन गिअरच्या हबचा धंदा उभा केला. हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांच्या नावावरून तो स्टर्मी-आर्चर झाला. १९३६ साली आलेला त्यांचा एडब्ल्यू हा नमुना किरकोळ फेरफारांसह आजही बनतो, फक्त २००० साली कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेल्यापासून कारखाना तिकडे आहे. फ्रान्समध्ये त्याच सुमारास ‘वेलोसिओ’ या टोपणनावानं लिहिणारे पॉल द व्हिव्ही हे संपादक डोंगरी रस्त्यांवर बदलत्या गिअरचा प्रचार करत होते. तिथून डिरेलरची परंपरा वाढली. टूर द फ्रान्समध्ये मात्र डिरेलरला १९३७ साली परवानगी मिळाली. एकदा शर्यतीत शिरल्यावर त्याची प्रगती थांबली नाही. १९८४ मध्ये शिमानोनं खटके मोजून गिअर टाकण्याची पद्धत बाजारात आणली आणि नवशिक्याला तो वापरता येऊ लागला. हबच्या बाजूनं मोठी उडी घेतली ती जर्मनीच्या रोलॉफनं, १९९८ मध्ये आलेल्या चौदा गिअरच्या हबनं. लांब पल्ल्याच्या प्रवाशांत आज हा वाद पेटतो तो मुख्यतः त्या एका हबमुळे.

आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅले, चेन्नईजवळ अंबत्तूरला टीआय, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हिरो असे कारखाने १९४९ ते १९५६ च्या दरम्यान उभे राहिले. त्यांनी खेड्यापाड्यांत पोचवली ती एका गिअरची भक्कम काळी सायकल. त्यानंतर बाजारात ‘गिअरची सायकल’ आली ती थेट डिरेलर घेऊनच. मधला तीन गिअरच्या हबचा टप्पा, ज्यावर इंग्लंड-हॉलंडच्या कित्येक पिढ्या कामाला आणि शाळेत गेल्या, तो आपण जवळजवळ गाळला. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तापीच्या खोऱ्याला हवं होतं ते नेमकं हेच यंत्र.

आता घाटाचं गणित मांडू. माणूस ७५ किलो, सायकल आणि सामान मिळून ३० किलो, असं १०५ किलोंचं ओझं. शंभर मीटरला सात मीटर चढाचा तुकडा. साधारण प्रकृतीचा सायकलस्वार दीर्घकाळ १२० वॅटच्या आसपास जोर लावू शकतो. एवढ्या जोरावर या चढावर वेग मिळतो ताशी पाच किलोमीटरच्या जवळपास. पायडल मिनिटाला साठ वेळा फिरवायचं, म्हणजे गुडघ्यांवर ताण येऊ द्यायचा नाही, तर एका फेऱ्यात सायकल सव्वाएक ते दीड मीटरच पुढे जायला हवी. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला तर पुढच्या-मागच्या दात्यांचं गुणोत्तर ०.६५ येतं. पुढे २२ आणि मागे ३४ दाते. हा झाला खालचा टोकाचा गिअर. वरचा टोकाचा गिअर असा, की मागून वारा असताना किंवा हलक्या उतारावर ताशी तीसच्या वेगाला पाय उगाच भिरभिरू नयेत. त्याचं गुणोत्तर २.८ च्या आसपास येतं. म्हणजे वरचा गिअर खालच्याच्या जवळजवळ साडेचार पट हवा. याला आपण पल्ला म्हणू. खानदेशात सामानानिशी फिरायचं तर साडेचार पट पल्ला, आणि त्यातही खालचं टोक पक्कं, ही कसोटी.

या कसोटीला काय काय उतरतं? तीन गिअरच्या हबचा पल्ला पावणेदोन पट. घाटासाठी तो नाही, वाद संपला. शिमानोच्या आठ गिअरच्या हबचा पल्ला तिप्पट. हबच्या आतल्या दात्यांवर अतिरेकी जोर पडू नये म्हणून पुढचं चक्र मागच्याच्या दुपटीहून फारसं लहान लावत नाहीत. ३८ आणि १९ ची जोडी घेतली तर सगळ्यात खालचा गिअर १.०५ येतो. त्या गिअरमध्ये साठ फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटरहून जास्त वेग पडतो आणि आपल्या चढावर त्याला दोनशे वॅटच्या घरात जोर लागतो. कसलेला गडी तो लावेल. पहिल्यांदा घाट चढणारा मास्तर किंवा कॉलेजची मुलगी वळणावर उतरून सायकल ढकलेल. त्याच कंपनीच्या अकरा गिअरच्या हबचा पल्ला चौपट आहे, हे वाचून बरेच जण भुलतात. पण त्याचं आतलं सगळ्यात खालचं गुणोत्तर आठ गिअरच्या हबाएवढंच आहे. वाढ सगळी वरच्या बाजूला, जिथे आपल्याला ती नको. रोलॉफचा पल्ला सव्वापाच पट. ३८ आणि १६ च्या जोडीत खालचा गिअर ०.६६ आणि वरचा ३.४८. या हबांपैकी कसोटीला पूर्ण उतरणारा हा एकच.

डिरेलरकडे पाहा. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते ३४ अशा सात चकत्या असलेल्या साध्या सायकलचा पल्ला सव्वाचार पट, खालचा गिअर ०.७१. पुढे ४२-३२-२२ आणि मागे ११ ते ३४ अशी आठ चकत्यांची जोडणी केली की पल्ला जवळजवळ सहापट आणि खालचा गिअर नेमका ०.६५. रोलॉफ जे काम युरोपात हजार युरोंहून अधिक घेऊन करतो, ते काम चढापुरतं ही जोडणी त्याच्या लहानशा हिश्शात करते. एकवीस किंवा चोवीस गिअर हा आकडा मात्र फसवा. त्यातले बरेच एकमेकांवर चढलेले असतात आणि चेन फार तिरपी पडू नये म्हणून काही वापरायचे नसतात. खरे वेगळे गिअर डझनभर निघतात. तेवढे पुरतात.

दोन गिअरांमधल्या पायऱ्यांचाही विचार लागतो आणि तो सपाटीवर जास्त लागतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, कारण पश्चिमेचा वारा तिथे खरोखर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जळगावहून धुळ्याकडे त्या वाऱ्यावर सायकल घालून पाहा. नव्वद किलोमीटर सपाट रस्ता घाटाएवढा दमवतो. अशा वेळी एक गिअर जड वाटतो आणि त्याच्या खालचा फार हलका. तीन गिअरच्या हबमध्ये दोन गिअरांत एक तृतीयांशाचं अंतर असतं, त्यामुळे वाऱ्यात माणूस दोन्हींच्या मधे अडकतो. रोलॉफमध्ये प्रत्येक पायरी साडेतेरा टक्क्यांची, सगळीकडे सारखी; वाऱ्यात ते सुख वेगळंच. सात-आठ चकत्यांचा डिरेलर यांच्या मधे कुठेतरी बसतो.

जोर वाया जाण्याबद्दल थोडक्यात. चेट काइल आणि फ्रँक बेर्टो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हबचे गिअर स्वच्छ डिरेलरपेक्षा दोनेक टक्क्यांनी मागे पडले. धुळीनं माखलेली, कोरडी, कुरकुरणारी डिरेलरची चेन हे दोन टक्के केव्हाच खाऊन टाकते. सायकलप्रवासात या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही.

धूळ आणि चिखल हे हबवाल्यांचं सगळ्यात भक्कम प्रमाण. फागणे-तरसोद आणि तरसोद-चिखली या चौपदरीकरणाच्या कामांत धुळ्याहून जळगावकडे आणि पुढे जाणाऱ्या महामार्गावर जो कुणी सायकलवर होता, त्याला चेनवर बसणारी ती बारीक पांढरी भुकटी आठवत असेल. तेल लावलं की ती पिठासारखी लिंपते आणि पुलींच्या कडांना काळा थर धरते. कापसाच्या दिवसांत ट्रॉल्यांतून उडालेले पुंजके पुलींच्या आसाभोवती गुंडाळले जातात. आणि पावसाळ्यात काळी माती. पाटणादेवीकडे किंवा यावलच्या अभयारण्यातून पालकडे जाताना डांबर सोडून शंभर पावलं जरी मळ्याच्या वाटेनं गेलं, तरी टायर आणि फ्रेम यांच्यामधला मोकळा भाग भरतो, डिरेलरचा हात चिखलात पुरला जातो. तशात जोर केला तर तो हात तारांत जाऊन पिळवटतो. हबच्या सायकलला असा लटकणारा हातच नाही. तिची चेन सरळ रेषेत चालते, जाड असते, म्हणून झिजते कमी. हवी तर ती पूर्ण झाकूनही टाकता येते. मागचं चाकही जास्त मजबूत. डिरेलरच्या चाकात उजवीकडे चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात, आणि सामानाच्या ओझ्यानं तुटतात त्याही बहुधा त्याच. शिवाय हबचा गिअर उभ्या सायकलवर बदलतो. आठवडे बाजाराच्या गर्दीत बैलगाडी आडवी आली, एकदम थांबलो, तरी पुढचा पाय टाकताना हलका गिअर तयार असतो. ही सोय वापरल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

पण या बाजूनं एक गोष्ट नीट पाहायला हवी. आपला सायकलप्रवासाचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. त्यानंतर ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं आणि शहाणा माणूस पहाटेची फेरी मारून घरी येतो. हंगामात माती कोरडी असते. चिखलाचा मुद्दा खरा आहे, पण तो मुख्यतः पावसाळ्यात धबधबे बघायला जाणाऱ्यांचा आहे, आणि त्यांचा प्रवास एका-दोन दिवसांचा असतो.

पंक्चरच्या बाबतीत युरोपातलं पुस्तकी मत आपल्याकडे उलटं करून वाचावं लागतं. तिकडे हबच्या विरुद्ध पहिली तक्रार अशी, की मागचं चाक काढताना गिअरची वायर सोडवा, दोन्ही नट पान्ह्यानं सैल करा, वायसर जागेवर बसवा, वेळ जातो. आपल्याकडे बाभळीचे आणि सराट्याचे काटे इतके, की पंक्चर हा रोजचा विषय. मग हब बाद व्हायला हवा. प्रत्यक्षात आपला पंक्चरवाला मागचं चाक काढतच नाही. सायकल आडवी टाकायची, टायरची एक कड सोडवायची, ट्यूब बाहेर ओढायची, परातीतल्या पाण्यात बुडबुडा शोधायचा, घासून सोल्यूशन लावून ठिगळ ठोकायचं, ट्यूब आत. चाक जागच्या जागी. ही पद्धत हबच्या सायकलला जशीच्या तशी चालते. ट्यूबच बदलायची असेल तेव्हा चाक काढावं लागतं, तेवढ्यापुरती पंधरा नंबरच्या पान्ह्याची गरज.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे दुरुस्तीकडे. डिरेलर बिघडतो वारंवार, पण बिघडतो उघड्यावर. आरडीला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो, वायर गंजते, पुली झिजते, चेनची कडी तुटते. सगळं दिसतं आणि त्यातलं बरंचसं रस्त्याच्या कडेला हातानं सुटतं. अगदीच काही जमलं नाही तर चेन तोडायच्या टूलनं चेन आखूड करायची, आरडी बाजूला काढायची, एका चकतीवर चेन सरळ बांधायची आणि एका गिअरवर पुढचं गाव गाठायचं. आजची गावातली ‘गिअरची सायकल’ बहुतेक वेळा सहा महिन्यांत एकाच गिअरवर अडकलेली असते, हे मी चाळीसगावपासून चोपड्यापर्यंत पाहत आलो आहे. पण त्यात दोष डिरेलरच्या तत्त्वाचा नाही. पत्र्याच्या आरड्या, प्लॅस्टिकचे शिफ्टर आणि विकताना न लावलेली सेटिंग यांचा तो दोष आहे. एल आणि एच अशी दोन अक्षरं असलेले दोन छोटे स्क्रू फिरवून चेन कुठपर्यंत जाऊ द्यायची ते ठरवता येतं. हे विकणाऱ्यानं दहा मिनिटांत शिकवलं असतं, तर त्या सायकली आजही चालल्या असत्या.

हब बिघडतो क्वचित, पण बिघडला की बंद दाराआड. तीन गिअरच्या जुन्या हबमध्ये वायर तुटली तर तो सगळ्यात जड गिअरवर जातो. घाटात नको तो गिअर, पण सपाटीवर घरी आणतो. वायर सैल झाली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे पायडल एकदम रिकामं फिरतं, आणि उभं राहून जोर करणारा तोंडावर पडू शकतो. नव्या नमुन्यांत ही खोड घालवलेली आहे. रोलॉफची वायर तुटली तर बाहेरची पेटी काढून आठ नंबरच्या पान्ह्यानं हातानं गिअर लावता येतो. पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा त्याचं तेल बदलायचं. एरवी त्याला हात लावावा लागत नाही, आणि जगप्रवासी त्याच्यावर जीव टाकतात ते याच कारणासाठी. पण आतला एखादा दात किंवा सील गेलं तर हब कारखान्याकडे पाठवण्यापलीकडे इलाज नसतो. शाळेच्या पोरांच्या सायकलींचे कोन, वाट्या आणि छर्रे बदलत आयुष्य गेलेला आपला मिस्त्री अतिशय कुशल माणूस असतो. त्याच्यापुढे आठ गिअरचा हब ठेवला तर तो आधी उजवीकडून, मग डावीकडून बघतो आणि विचारतो, “गिअर कोठे शेतस?” त्याला ते समजावून सांगितलं तर तो उघडूनही बघेल. सुटा भाग मात्र तो कुठून आणणार?

डेर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेनं १९६३ साली आयर्लंडहून भारतापर्यंत सायकल चालवली, तेव्हा निघण्याआधी तिनं आपल्या सायकलचा तीन गिअरचा डिरेलर काढून टाकला, कारण आशियातल्या रस्त्यांवर तो टिकणार नाही असं तिला वाटलं. त्या काळी ते बरोबर होतं. त्याच्या आदल्या वर्षी घराबाहेर पडलेला हाइन्झ श्ट्यूके हा जर्मन माणूस तीन गिअरच्या जड सायकलवर पुढची पन्नास वर्षं जग फिरला. दोघांनीही निवडलं ते वाटेवर जे दुरुस्त होईल ते. या निकषावर आज उत्तर उलटलं आहे. सात चकत्यांची फ्रीव्हील, आठ स्पीडची चेन, साधी आरडी, गिअरची वायर या वस्तू आता जळगावात आणि धुळ्यात मिळतात, भुसावळ-चाळीसगावातही मिळतात. हबच्या आतला एक खटका (पॉल) किंवा स्प्रिंग मिळत नाही. १९६३ मध्ये डिरेलरविरुद्ध जो मुद्दा होता, तो आज खानदेशात हबविरुद्ध जातो.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका दोघांत मिळून पूर्ण केली आणि उत्तर महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला मोठा हुरूप आला. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पुरी केली. या पराक्रमांचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या सायकली बघून प्रवासाची सायकल निवडू नये. शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत दुसरं चाक असतं, मिस्त्री असतो. तिथले बारा चकत्यांचे, दोरीएवढ्या बारीक चेनचे, खालच्या टोकाला जड डिरेलर कोंडाईबारीत सामानासकट एकट्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत. गिअर जितके जास्त तितकी चेन बारीक, सेटिंग नाजूक आणि सुटा भाग दुर्मिळ. सात किंवा आठ चकत्यांवर थांबणं हा शहाणपणाचा निर्णय आहे.

रेल्वेचाही विचार इथेच करू. चाळीसगाव-धुळे फाटा, भुसावळ-सुरत मार्ग आणि मुख्य लाइन यांमुळे खानदेशात एकीकडे सायकलनं आणि परतताना रेल्वेनं असा प्रवास सोपा पडतो. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये पार्सल म्हणून जाते आणि तिच्यावर केळीची टोपली किंवा मोटरसायकल रेलते. डिरेलरचा हँगर वाकतो तो बहुतेक इथेच, घाटात नव्हे. उपाय सोपा आहे. गाडीत चढवण्याआधी आरडी हँगरवरून सोडवून फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधायची. पाच नंबरची ॲलन की पुरते. आणि आपल्याच सायकलचा एक जादा हँगर सोबत ठेवायचा, कारण प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असतो आणि डिरेलरचा हा एकच भाग खानदेशात हमखास मिळेल असं सांगता येत नाही.

पट्ट्यानं चालणाऱ्या सायकली आणि पायडलजवळच बसवलेल्या गिअरपेट्या यांचा उल्लेख करून पुढे जातो. पिनियनची पेटी उत्तम यंत्र आहे, पण तिच्यासाठी फ्रेमच वेगळी लागते, आणि पट्टा बसवायला फ्रेमला जोड द्यावा लागतो. खानदेशात त्यांचा विचार अजून काही वर्षं तरी पुस्तकीच राहील.

तर माझा निवाडा असा. तोरणमाळ, कन्नड, अजिंठा डोक्यात ठेवून सामानानिशी फिरणाऱ्यानं डिरेलर घ्यावा: पुढे तीन चक्रं, त्यातलं सगळ्यात लहान २२ किंवा २४ दात्यांचं, मागे सात-आठ चकत्या, मोठी चकती ३४ ची. मागचा हब फ्रीहब-कॅसेटचा असावा. आट्यांवर बसणाऱ्या जुन्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे ॲक्सलच्या टोकापासून दूर पडतात आणि ओझ्यानं ॲक्सल वाकतो. चाकं शक्यतो २६ इंची, कारण त्या मापाचा टायर गावागावांत आहे. चेन बारा इंचांवर मोजावी. मापाची सुरुवात एका पिनेच्या मध्यावर ठेवून पट्टी लावायची. बारा इंचांच्या जागी एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलायची, नाहीतर ती कॅसेटही घेऊन जाते. रोलॉफ घ्यायचा तो फक्त त्यानं, जो खानदेश ओलांडून महिनोन् महिने देशोदेशी जाणार आहे आणि ज्याला एवढा पैसा गुंतवणं परवडतं. त्याच्यासाठी तो आजही सर्वांत चांगला गिअर आहे. आठ गिअरचा हब मला इथे कुणासाठीच सुचवता येत नाही. घाटाला तो अपुरा, सपाटीला गरजेपेक्षा महाग, आणि मिस्त्रीला अनोळखी.

आणि तीन गिअरचा हब? त्याच्यासाठी मी मनापासून भांडेन. गांधी रिसर्च फाउंडेशनची ग्रामसंवाद सायकल यात्रा जळगाव जिल्ह्यातल्या गावांतून जाते ती सपाटीवरच. बांभोरीला विद्यापीठात येणारे विद्यार्थी, केळीच्या मळ्यांत रोज जाणारे शेतकरी, मुक्ताईनगरला किंवा अमळनेरला सायकलनं निघणारे भाविक, यांच्यासाठी पाऊणपट-सरळ-सव्वापटीहून थोडा जास्त एवढे तीन गिअर पुरेसे आहेत. मागून वारा असला तर तिसरा, समोरून असला तर पहिला, पुलाच्या चढालाही पहिला. वर्षातून एकदोनदा तेलाचे थेंब, वायर ताणलेली आहे की नाही याची तपासणी, आणि चेन झाकलेली. या सायकलला मळलेल्या पायजम्याची आणि पोत्यांची भीती नाही. घाट आला तर उतरून ढकलायचं, ज्यात कमीपणा काहीच नाही.

त्यासाठी नवी सायकलही घ्यायला नको. ३६ तारांचा तीन गिअरचा हब मागवून मिस्त्रीकडून ३६ भोकांच्या रिमवर विणून घेता येतो. मात्र आधी काळ्या सायकलच्या मागच्या दोन पट्ट्यांमधली रुंदी मोजावी आणि ती ॲक्सलला पुरेल याची खात्री करावी. मागची चकती २० किंवा २२ दात्यांची घ्यावी, १८ ची नव्हे. ४४ आणि २२ ची जोडी लावली की खालचा गिअर दीड, मधला दोन आणि वरचा २.६७ येतो, पाळधीच्या सपाटीला मधला आणि गिरणेच्या पुलावर खालचा. वायसर दोन्ही बाजूंना उलटसुलट न करता बसवावे, कारण ॲक्सल फिरू न देण्याचं सगळं काम तेच करतात, आणि पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा एकदा आवळावेत.